बाळाच्या घड्याळावर चालणारे घर

नागपूर-गडचिरोली मार्गावरचे आरमोरी हे धानाचे आणि कोशाच्या रेशमाचे गाव. येथील घरांचा दिवसक्रम एरवी शेतीच्या हंगामावर बेतलेला असतो. पावसाळ्यात रोवणी आणि दिवाळीच्या सुमारास धानकापणी, हा क्रम ठरलेला. घरात बाळ जन्माला आले, की हे सारे वेळापत्रक बाजूला पडते. पुढचे काही महिने घर चालते ते बाळाच्या घड्याळावर. हा बदल आधीच समजून घेतला, तर आई-वडिलांची तारांबळ बरीच कमी होते.

रात्रीचा दिवस

नवजात बाळ दिवसातून सुमारे १६ ते १७ तास झोपते. मात्र सलग झोप दोन-तीन तासांचीच असते. त्याचे जठर लहान असल्याने चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पाजावे लागते. पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा झोपवणे यासाठी प्रत्येक वेळी ४० मिनिटे धरली, तरी दहा वेळांचे जवळपास सात तास होतात. म्हणजे घरात एका पूर्ण दिवसाचे नवे काम आलेले असते. ते एकट्या आईवर सोडणे अन्यायाचे आहे.

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरेसे मिळत आहे असे समजावे. रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. रडणारे प्रत्येक बाळ भुकेले असतेच असे नाही. त्यामुळे 'आईला दूध कमी आहे' हा निष्कर्ष घाईने काढू नये.

सव्वा महिन्याची परंपरा

बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची आपली प्रथा शहाणपणाची आहे. तिला कामातून सूट मिळते आणि बाळ गर्दीपासून दूर राहते. मात्र तिच्यासोबत आलेल्या काही समजुती टाळायलाच हव्यात. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, टाकून देऊ नये. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात. बाळाला मध किंवा घुटी चाटवू नये. शेगडीचा धूर कोंडलेल्या खोलीत माय-लेकरांना ठेवू नये. बाळंतिणीचे जेवणही कमी करू नये. पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा अधिक अन्न लागते. भात-वरणासोबत भाजी, जवस, अंडी, दूध यांतले जे घरात असेल ते तिला पोटभर द्यावे.

या भागातला उन्हाळा कडक असतो. मे महिन्यात बाळाला तहान लागेल या काळजीने पाणी पाजण्याचा मोह होतो. परंतु सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधातून बाळाला पुरेसे पाणी मिळते. अशा दिवसांत पाणी प्यावे ते आईने, आणि बाळाला वारंवार पाजावे. जिल्ह्यात हिवतापाचा धोका असल्याने दोघांनी मच्छरदाणीतच झोपावे.

गडचिरोलीने दिलेला धडा

घरातील साधी काळजी किती मोलाची असते, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला ऊब देणे, वजन करणे, स्तनपानास मदत करणे आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे ही त्यांची कामे. या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ वर आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली.

रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी प्रसूती झाली असल्यास पहिल्या दिवशीही. या भेटी म्हणजे केवळ नोंदवहीचे काम नव्हे. मनातल्या शंका त्यांना मोकळेपणाने विचाराव्यात.

वडिलांचा वाटा

स्तनपान सोडले, तर बाळाचे प्रत्येक काम वडील करू शकतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी लागते. तीही ते देऊ शकतात. संघटित क्षेत्रातील पात्र नोकरदार आईला २०१७ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. रोवणीला जाणाऱ्या मजूर आईला अशी रजा नाही. पंतप्रधान मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी मिळणारे पाच हजार रुपये ही बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाईच होय. म्हणून तिला घरी थांबता यावे, याची तजवीज कुटुंबाने आधीच करावी.

प्रसूतीनंतर काही दिवस डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप उडाली किंवा बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर ते नैराश्य असू शकते. त्याला 'नखरे' न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे.

थांबू नये असे क्षण

बाळाने दूध ओढणे सोडले, अंग थंड किंवा फार गरम लागले, ते मलूल पडले, झटके आले, छाती आत ओढली जाऊ लागली, बेंबीतून पू आला किंवा शांत असतानाही श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वाटेत बाळाला छातीशी धरून उबदार ठेवावे. दूरच्या गावातील कुटुंबाने वाहन, सोबत आणि थोडे पैसे यांची सोय प्रसूतीपूर्वीच करून ठेवावी.

सहा आठवडे झाले, की बाळ ओळखीचे हसू लागते. त्याच सुमारास पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाव्हायरस या लसींची पहिली मात्रा द्यायची असते. घरही तोवर नव्या घड्याळाला सरावलेले असते. जुने वेळापत्रक जसेच्या तसे परत येत नाही. मात्र कामाची वाटणी झालेल्या घरात त्याची खंतही फारशी राहत नाही.