तीन इंची दुर्बीण आणि सदतीस हजार नोंदी

व्याख्यान संपलं की मला हमखास एक प्रश्न येतो : दुर्बीण केवढी घेऊ? दुर्बीण मोठी असेल तरच आपल्या हातून शास्त्राला उपयोगी काही होईल, असं विचारणाऱ्याच्या मनात असतं. अशा वेळी मी राधागोविंद चंद्र यांची हकीकत सांगतो.

चंद्र यांचा जन्म १८७८ सालचा, आज बांगलादेशात असलेल्या जेसोर भागातला. एन्ट्रन्सच्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले आणि जेसोरच्या सरकारी खजिन्यात पोतदार म्हणून चिकटले. पोतदार म्हणजे नाणी पारखून घेणारा. आपल्याकडे आता हा हुद्दा आडनावातच उरला आहे. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, तो त्यांनी द्विनेत्रीतून पाहिला. दोन वर्षांनी त्यांनी इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. पोतदाराच्या पगारात ही मोठीच खरेदी होती.

जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक अनोळखी तारा झळकला. विसाव्या शतकातला हा सर्वांत तेजस्वी नवतारा. जगात अनेकांनी तो आपापल्या परीने हेरला, त्यांत चंद्र एक होते. त्यांनी आपल्या नोंदी अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेच्या पिकरिंग यांच्याकडे धाडल्या. तिथून त्यांचा संबंध जुळला तो रूपविकारी ताऱ्यांचं निरीक्षण करणाऱ्या अमेरिकन हौशी मंडळींच्या संघटनेशी. ही संघटना १९११ साली विल्यम ऑलकॉट नावाच्या वकिलाने पिकरिंग यांच्या प्रोत्साहनाने सुरू केली होती. तिचं इंग्रजी आद्याक्षरी नाव आव्सो.

रूपविकारी तारा म्हणजे ज्याचं तेज कमीजास्त होतं असा तारा. तिमिंगल समूहातला मीरा हा तारा सुमारे ३३२ दिवसांत साध्या डोळ्यांना सहज दिसण्याइतका उजळतो आणि पुन्हा दुर्बिणीशिवाय सापडणार नाही इतका मंदावतो. असे तारे शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायची तर व्यावसायिक वेधशाळांना तेवढी सवड नसते. त्यात पृथ्वी गोल! बोस्टनमध्ये दिवस असतो तेव्हा जेसोरमध्ये रात्र असते. अमेरिका आणि युरोपातल्या निरीक्षकांच्या नोंदींत पडणारी खिंडारं बुजवायला आशियातला माणूस हवा होता, आणि तशी माणसं तेव्हा मोजकीच होती. माझ्या मते चंद्र यांची खरी किंमत दुर्बिणीच्या भिंगात नव्हती, ती त्यांच्या रेखांशात आणि चिकाटीत होती.

काम कसं चालतं ते सांगतो. ताऱ्यांचं तेज ‘प्रती’त मोजतात, प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. आपल्या ताऱ्याजवळचे, न बदलणारे दोन तारे नकाशावरून निवडायचे. समजा एक ३.० प्रतीचा आहे, दुसरा ३.६ प्रतीचा. आपला तारा बरोबर दोघांच्या मध्ये वाटला, तर लिहायचं ३.३. एवढंच. सरावलेला डोळा एकदशांश प्रतीपर्यंतचा फरक ओळखू शकतो. शहरातल्या दिव्यांनी मंद तारे बुडतात हे खरं, पण जे दिसतात त्यांची तुलना करता येते, कारण एकमेकांजवळचे तारे सारखेच फिके पडतात.

चंद्र यांचं काम पाहून आव्सोने १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण त्यांना वापरायला पाठवली. ती चार्ल्स एल्मर यांची. हे गृहस्थ मूळचे कोर्टातले लघुलेखक. फाळणीनंतर चंद्र पश्चिम बंगालमधल्या बारासातला आले. १९५४ पर्यंत त्यांच्या नोंदी सदतीस हजारांवर गेल्या होत्या. वयोमानाने काम थांबलं तेव्हा ती दुर्बीण नैनितालला वेणू बाप्पू यांच्याकडे गेली आणि पुढे तमिळनाडूतल्या कावलूरला. बाप्पू स्वतः विद्यार्थिदशेत रूपविकारी तारेच पाहत असत.

आज स्वयंचलित कॅमेरे रोज आकाश टिपतात, मग डोळ्यांचं काय काम, असं कोणी म्हणेल. गंमत अशी की मंद तारे टिपण्यासाठी बनवलेल्या या कॅमेऱ्यांना ठळक तारे झेपत नाहीत, चित्र जळून जातं. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृगातला काक्षी तारा मंदावला. एरवी साधारण अर्ध्या प्रतीचा असणारा हा तारा फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला आणि शेजारच्या बेलाट्रिक्सइतका दिसू लागला. हा बदल जगभरच्या हौशी लोकांनी गच्चीवरून नोंदवला. हबल दुर्बिणीलाही अशी मदत झाली आहे. अचानक भडकणाऱ्या काही ताऱ्यांचे वेध घ्यायचे होते, आणि नेमका त्याच वेळी भडका उडाला तर हबलच्या संवेदकांना इजा होण्याची भीती होती. वेधापूर्वी ‘तारा शांत आहे’ हे आव्सोच्या निरीक्षकांनी पाहून कळवलं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी काक्षीपासूनच करावी, त्याला द्विनेत्रीही लागत नाही. तुलनेला रोहिणी आणि बेलाट्रिक्स घ्यावेत. तिघे आकाशात साधारण सारख्या उंचीवर असतील अशी वेळ निवडावी, कारण क्षितिजालगत सगळेच तारे मंद दिसतात. कालचा आकडा पाहून आजचा लिहू नये. नोंदीत तारीख, वेळ, प्रत आणि तुलनेचे तारे असावेत. वेळ मात्र जागतिक वेळेत द्यायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे.