खानदेशातील संदर्भनिर्देशाची परंपरा

पारोळ्याचा भुईकोट किल्ला हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधला, हे विधान आज स्थानिक पुस्तिकांपासून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांपर्यंत सर्वत्र निःशंकपणे लिहिलेले आढळते. परंतु मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशविषयक बारावा खंड १८८० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ब्रिटिश काळातील त्या शासकीय ग्रंथमालेत हीच गोष्ट ‘बांधला असे समजले जाते’ अशा सावध शब्दांत आली होती. मधल्या काळात नवा कागद पुढे आल्याची ग्वाही न देताच समजुतीचे रूपांतर निश्चितीत झाले, कारण एका लेखकाने दुसऱ्याचे वाक्य घेताना ते कुठून घेतले हे सांगितले नाही आणि वाचकाला मूळ वाक्यापर्यंत परत जाण्याचा रस्ता उरला नाही. आपल्या विधानाचा आधार कोणत्या ग्रंथात, कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या ठिकाणी आहे हे लेखकाने नोंदवून ठेवणे, म्हणजे संदर्भनिर्देश, ही विद्यापीठांनी अलीकडे लादलेली औपचारिकता आहे असा समज विद्यार्थ्यांत पसरलेला दिसतो. प्रत्यक्षात या प्रथेची एक वाट धर्मग्रंथांच्या पठणातून आणि दुसरी जुन्या कागदांच्या शोधातून आली असून, दुसऱ्या वाटेचा एक मोठा टप्पा पारोळ्याच्या पश्चिमेला त्याच महामार्गावर असलेल्या धुळ्यात आहे.

पहिली वाट अधिक जुनी आहे. ऋग्वेदातील ऋचा मंडल, सूक्त आणि ऋचेचा क्रमांक यांनी, गीतेतील श्लोक अध्याय आणि श्लोकाच्या अंकाने, तर दासबोधातील ओवी दशक, समास आणि ओवी अशा तीन अंकांनी दाखवली जाते. दासबोधाचे वीस दशक आणि प्रत्येक दशकाचे दहा समास अशी दोनशे समासांची रचना असल्यामुळे पोथी हस्तलिखित असो वा छापील, लहान आकाराची असो वा मोठ्या, ओवीचा पत्ता बहुधा बदलत नाही. पृष्ठक्रमांक ही छापखान्याची देणगी आहे आणि आवृत्ती बदलली की तो निरुपयोगी ठरतो. ग्रंथाच्या अंतर्गत रचनेवर उभा असलेला पत्ता मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

ख्रिस्ती परंपरेत हीच सोय टप्प्याटप्प्याने आली. बायबलचे आज प्रचलित असलेले अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या आणि पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या स्टीफन लँग्टनच्या नावाशी जोडले जातात, तर नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ च्या ग्रीक आवृत्तीत दिले. सेरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत आला, त्या काळी ही अध्याय-वचनांची व्यवस्था युरोपात केव्हाच स्थिर झाली होती. म्हणूनच आज ‘योहान ३:१६’ एवढे लिहिले की पुस्तक, अध्याय आणि वचन ही तिन्ही अंगे वाचकाला कळतात. तथापि ही व्यवस्था दिसते तितकी निर्दोष नाही. स्तोत्रसंहितेत काही स्तोत्रांच्या आरंभीचे शीर्षक हिब्रू परंपरेत एक किंवा दोन स्वतंत्र वचने म्हणून मोजले जाते, त्यामुळे एक्कावन्नाव्या स्तोत्रात इंग्रजी गणनेतले पहिले वचन हिब्रू गणनेत तिसरे ठरते. आणि ग्रीक व लॅटिन परंपरेत नववे व दहावे स्तोत्र एकच धरले गेल्याने तेविसावे म्हणून सर्वत्र परिचित असलेले स्तोत्र तेथे बाविसावे होते. विद्यार्थ्याने जुन्या भाष्यातून उचललेला अंक मराठी बायबलात पडताळून न पाहता लिहिला, तर तो वाचकाला भलत्याच वचनाकडे पाठवतो.

बायबल महाविद्यालयांतील प्रबंधलेखनाची शिस्त या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनसारख्या संस्थांनी काम केले. महाराष्ट्रातील उच्च धर्मशिक्षणाचे एक मोठे केंद्र मात्र यवतमाळ येथे १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी या नावाने आकाराला आले आणि १९८३ मध्ये पुण्याला हलले. अशा संस्थांतून वापरल्या जाणाऱ्या लेखनपद्धतींचे मूळ बहुतांशी अमेरिकेत आहे. शिकागो विद्यापीठात प्रबंधांची तपासणी करणाऱ्या केट टुराबियन या कर्मचारी बाईंनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटी नियमपुस्तिका तयार केली, तिचाच पुढे जगभर वापरला जाणारा ग्रंथ झाला; बायबलच्या अभ्यासकांच्या अमेरिकी संघटनेने १९९९ मध्ये आपली स्वतंत्र नियमावली छापली आणि तीत बायबलच्या पुस्तकांची संक्षिप्त नावे व प्राचीन ग्रंथांचे उल्लेख कसे करावेत हे ठरवून दिले. धर्मग्रंथातील वचनाचा उल्लेख सामान्यतः मजकुरातच कंसात करावा, तळटीप इतर ग्रंथांसाठी राखावी आणि कोणते भाषांतर वापरले ते एकदा स्पष्ट सांगावे, ही या पद्धतीची मुख्य सूत्रे होत.

यांपैकी शेवटचे सूत्र मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, साध्या बायकामाणसांना कळेल अशा मराठीत केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर १९२२ मध्ये त्यांच्या मृत्यूपूर्वी पुरे झाले आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात १९२४ मध्ये छापून निघाले. हे भाषांतर आणि बायबल सोसायटीचे रूढ भाषांतर यांची शब्दकळा अनेक ठिकाणी वेगळी आहे. अध्याय आणि वचन अचूक लिहूनही भाषांतराचे नाव गाळले, तर अवतरणातील शब्द कोणाचे हे कळत नाही आणि रमाबाईंच्या जन्मभराच्या कष्टांचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जमा होण्याचा धोका उरतो.

ग्रंथातील जागा सांगणारा पत्ता प्रतीविषयी काहीच सांगत नाही, ही अडचण धुळ्याच्या अभ्यासकांनी फार लवकर ओळखली. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगाव येथील प्रतीवरून दासबोध संपादित करून धुळ्यातून प्रसिद्ध केला, त्यामागे ‘ओवी कितवी’ इतकाच ‘ओवी कोणत्या पोथीतली’ हा प्रश्न होता. याच मालिकेतले उलट उदाहरणही डोळ्यांआड करता येत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीची मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पडताळणीसाठी मिळाली नाही, त्यामुळे तिच्या पाठांच्या प्राचीनतेविषयीचा वाद कायमचा निकालात निघू शकत नाही. ज्या संशोधकाने महाराष्ट्राला अस्सल साधनांची ओढ लावली त्याच्याच बाबतीत हे घडावे, ही मराठी विद्येची मोठी हानी होय.

कागदांच्या वाटेचा आरंभ एका विद्यार्थ्याच्या निबंधाने झाला, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि त्याच्या टिपांत अनेक मराठी हस्तलिखितांचे उल्लेख होते. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच, १८६७ च्या सुमारास, पुण्यात या इतिहासावर टीका करणारा निबंध वाचला. डफ यांनी टिपा दिल्या होत्या म्हणूनच त्यांची विधाने तपासता आली आणि त्या टिपांतील हस्तलिखिते सहजी हाती लागेनात म्हणून ती पुरती तपासता आली नाहीत, असा दुहेरी धडा या प्रकरणातून मिळतो. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने जे खंड काढले, त्यांत प्रत्येक पत्राला अनुक्रमांक दिला, शक्य तेथे तिथी, शके आणि इंग्रजी तारीख लावली आणि बखरींवर, म्हणजे घटनांनंतर बहुधा आधार न सांगता लिहिलेल्या वृत्तांतांवर, कठोर प्रहार केले. राजवाडे यांचा मृत्यू ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाला. त्यांनी जमवलेल्या कागदांच्या जतनासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. खानदेशाबाहेर या मंडळाची जितकी आठवण ठेवली जाते तितकी खानदेशातील महाविद्यालयांत ठेवली जात नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

आवृत्तीचा उल्लेख का आवश्यक आहे, याचे उत्तम उदाहरण पारोळ्याच्याच इतिहासाशी लागून आहे. पारोळ्याची जहागीर झाशीच्या नेवाळकर घराण्याच्या एका शाखेकडे होती. या शाखेतील सदाशिवराव नारायण यांनी १८५७ मध्ये करेऱ्याचा किल्ला घेऊन झाशीच्या गादीवर हक्क सांगितला आणि राणी लक्ष्मीबाईंच्या सैन्याने त्यांचा बंदोबस्त केला. या उठावानंतर इंग्रजांनी पारोळ्याची जहागीर जप्त केली. त्या धामधुमीत झाशीत असलेल्या विष्णुभट गोडसे यांनी १८८३ मध्ये लिहिलेला ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत या घराण्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. परंतु चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध केला तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले होते आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या १९६६ च्या आवृत्तीने वाचकांपुढे आला. एकाच नावाच्या या दोन पुस्तकांतील कोणते वापरले हे सांगितल्यावाचून ‘गोडसे म्हणतात’ असे लिहिणे म्हणजे कित्येकदा वैद्यांचे शब्द गोडसे यांच्या तोंडी घालणे होय.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी काही गोष्टी इंग्रजी नियमपुस्तिकांच्या बाहेर जाऊन ठरवाव्या लागतात. सूचीत आडनाव आधी घ्यावे की रूढ नाव, संत आणि पंतकवींची नावे कोणत्या अक्षराखाली लावावीत, वर्णानुक्रमात अनुस्वार कुठे धरावा, यांविषयी एकवाक्यता नाही. एकदा घेतलेला निर्णय शेवटपर्यंत पाळावा एवढेच म्हणता येते. जुन्या पुस्तकांवर अनेकदा केवळ शक असतो. त्यात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि त्यानंतर फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो, म्हणून महिना ठाऊक नसल्यास दोन्ही वर्षे द्यावीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्रबंधातील मजकुराचे इतरांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत क्षम्य मानले आणि त्यापुढे चाळीस व साठ टक्क्यांच्या पायऱ्यांवर दंड ठरवला. यामुळे धाक बसला खरा, पण साम्य मोजणारे यंत्र शब्द मोजते, आधार खरा की खोटा हे ते सांगू शकत नाही. न पाहिलेल्या ग्रंथाचा पृष्ठांक दुसऱ्याच्या तळटिपेतून उचलून आपला म्हणून देणे हा दोष त्याला सहसा दिसत नाही, आणि तोच सर्वांत घातक आहे.

पारोळा, अमळनेर, एरंडोल आणि धुळे परिसरातील महाविद्यालयांनी, मग ती कला शाखेची असोत वा धर्मशिक्षणाची, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकदा तरी राजवाडे मंडळात न्यावे, एक छापील पत्र आणि गॅझेटिअरचे एक पान समोर ठेवावे आणि त्या दोहोंची नोंद स्वतःच्या हाताने लिहायला लावावी. पारोळ्याच्या किल्ल्याविषयी लिहिणाऱ्याने, निर्णायक कागद हाती येईपर्यंत, १७२७ या वर्षापुढे ‘असे समजले जाते’ हे शब्द आणि १८८० च्या खंडाचा उल्लेख गाळू नये.