पाठमोरं हॉटेल

आमच्या लग्नाला 40 वर्षं झाली तेव्हा सौभाग्यवतींनी एक साधी मागणी केली. ‘‘अहो, एकदा ताजमहालात राहू या.’’ मला आधी वाटलं, ही आग्र्याला जायचं म्हणतेय. तिथे राहायचं ते मुमताजसारखं कायमचंच, असा एक विनोदही ओठांवर आला होता. पण तिच्या हातात कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरावर अपोलो बंदरावरचा तो लाल घुमट होता. अशा वेळी मिरजेच्या पेन्शनराजवळ एकच शस्त्र उरतं, ते म्हणजे इतिहास. गणित माझ्या बाजूचं होतं, पण चाळिसाव्या वाढदिवसाला गणित मांडायचं धैर्य माझ्यात नाही.

‘‘ते हॉटेल उलटं बांधलेलं आहे,’’ मी म्हणालो.

ही माहिती मला आमच्या तात्यांनी दिली होती. तात्या शाळामास्तर. मिरजेत आमच्या शेजारी तंबोरे करणारे कारागीर राहत. मुंबईच्या गिऱ्हाइकाचा तंबोरा पोचवायचं काम तात्या आनंदानं अंगावर घेत, कारण त्यात जाण्यायेण्याचं भाडं सुटे. तंबोरा खिडकीशी आणि तात्या उभे, असा तो प्रवास व्हायचा. मी नऊ वर्षांचा असताना एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. तंबोरा पोचता केला आणि आम्ही अपोलो बंदराच्या कठड्यावर बसून शेंगदाणे खाल्ले. समोर ते हॉटेल. तात्या म्हणाले, ‘‘बघून ठेव. हे पाठमोरं आहे. नकाशा काढणारा विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर गवंड्यांनी पुढची बाजू मागे केलेली. त्यानं वरून उडीच घेतली.’’ मग खिशातले उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाले, ‘‘एवढा पैसा, आणि तोंड कुठे करावं ते कळलं नाही!’’

तात्यांच्या आवाजात तेव्हा इतकं समाधान होतं की ती गोष्ट खरी आहे का, हे विचारायला मला साठ वर्षं लागली.

खरी नाही. सौ.ला पटवण्यासाठी मी वाचनालयातून पुस्तकं आणली आणि त्यांनी माझाच घात केला. हॉटेलचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. म्हणजे मुंबईचं सगळ्यात झोकदार हॉटेल कागदावर उतरवलं ते एका वैद्यांनी! त्यांनी उडी वगैरे घेतली नाही. इमारत पुरी होण्याआधीच, 1900 साली, ते वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं तडीला नेलं. पाठमोरेपणाचं म्हणाल, तर बग्ग्यांनी शहराच्या बाजूनं यावं आणि खोल्यांनी समुद्राचा वारा खावा, असाच मूळचा बेत होता. जुन्या दरवाज्याच्या जागी पुढे पोहण्याचा तलाव झाला आणि येणंजाणं बंदराच्या बाजूनं सुरू झालं. थोडक्यात, हॉटेल सरळच होतं. आम्ही कठड्यावर बसणारेच मागच्या बाजूला होतो.

16 डिसेंबर 1903 रोजी ते उघडलं तेव्हा आत अवघे 17 पाहुणे होते. आमच्या घरी साध्या सत्यनारायणाला याहून जास्त असतात. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतंच, ते 1924 साली खुलं झालं. पण ताजमध्ये विजेचे दिवे होते, पंखे होते, लिफ्ट होती. जमशेटजी टाटांच्या बहिणीला हा उद्योग मुळीच पसंत नव्हता, भाऊ आता भटारखाना काढणार की काय, असं ती रागावून म्हणाली होती, असं सांगतात. मला ही बाई फार आवडली. खाणावळीला खाणावळ म्हणणारं घरात एक तरी माणूस असावं.

त्याआधीची मोठी ऐट म्हणजे काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल. ते गोऱ्यांचं. लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून, जहाजानं आणून, मेकॅनोसारखा इथे जोडलेला. 7 जुलै 1896 रोजी ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईनं पहिल्यांदा पाहिली ती तिथेच, तिकीट एक रुपया. आज ती इमारत टेकूंवर उभी आहे. जमशेटजींना तिथे दारात अडवलं म्हणून त्यांनी ईर्ष्येनं ताज बांधलं, अशीही गोष्ट आहे. पण तात्यांच्या गोष्टीचं काय झालं ते पाहिल्यावर मी दुसरी गोष्ट तपासायच्या भानगडीत पडलो नाही.

‘‘म्हणजे एका मराठी माणसाच्या आराखड्याचं, आणि मुळीच उलटं नसलेलं,’’ सौ. म्हणाली. ‘‘मग कधी निघायचं?’’

मी मोर्चा वळवला. ‘‘मोठी माणसं कुठे उतरत, माहीत आहे? लोकमान्य मुंबईला आले की सरदारगृहात उतरत.’’ हे मात्र शंभर नंबरी खरं. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह हे आपल्या माणसांचं उतरण्याचं ठिकाण. व्हाइसरॉयसाहेबांना धाक वाटावा असा माणूस तिथल्या साध्या खोलीत राहिला आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी तिथेच गेला. आमचे आजोबा त्या दिवशी पावसात भिजत त्या इमारतीखाली उभे होते, मग चौपाटीपर्यंत गर्दीबरोबर गेले. लोकमान्यांना पद्मासनात बसवलेलं त्यांनी लांबून पाहिलं. आजोबा याविषयी फारसं बोलत नसत. एवढंच म्हणत, की छत्री कुणी उघडली नव्हती.

यावर सौ. काही बोलली नाही आणि मला वाटलं, मी जिंकलो. म्हणून मी गिरगावातल्या एका लॉजवर दोन रात्रींची खोली सांगून टाकली. नाव सांगत नाही. तात्या असल्याच एका लॉजवर उतरत आणि घरी आल्यावर तिथल्या घरगुतीपणाची तारीफ करत. घरगुतीपणा खरोखर होता. नळाला पहाटे चार ते पाच पाणी, कॉटखाली मागच्या पाहुण्याची एक चप्पल, आणि भिंत इतकी पातळ की शेजारच्या खोलीतल्या काकांनी शिंकल्यावर सौ.नं ‘‘शतायुषी व्हा’’ म्हटलं आणि पलीकडून ‘‘आभारी आहे’’ आलं. लहान हॉटेलांच्या मोहकपणाबद्दल लिहिणारे लोक बहुतेक मोठ्या हॉटेलात बसून लिहीत असावेत.

जेवायला मी तिला खोताच्या वाडीत अनंताश्रमात नेणार होतो. तिथलं माशांचं जेवण तात्यांनी मला एकदा दिलं होतं. वाढणारा रागावल्यासारखा ताट आदळायचा आणि ताटातली कढी मात्र देवाघरची. गेलो तर अनंताश्रम केव्हाच बंद झालेलं. वाडीतली लाकडी जिन्यांची थोडी घरं शिल्लक आहेत, तीही उंच इमारतींच्या मध्ये अंग चोरून. शेवटी एका इराण्याकडे ब्रून मस्का खाल्ला. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून आपले दुकानदार ती घेत नसत आणि इराण्यांनी ती खुशाल घेतली, असं म्हणतात. दोन रस्त्यांची गिऱ्हाइकं एका दुकानात येणार, यात अशुभ काय आहे ते आपल्या लोकांना अजून कळलेलं नसावं. संगमरवरी टेबलावर सौ.नं चहा बशीत ओतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

रात्री गाणं. याही बाबतीत मुंबईचे दोन पाट. 1930 च्या दशकात ताजच्या नाचघरात जॅझ घुमायला लागला. आधी अमेरिकेहून आलेले निग्रो वादक, टेडी वेदरफर्डसारखे, आणि मग गोव्याचे. आंतोनियो शाविएर वाझ हा त्यातला एक, ट्रंपेट वाजवायचा आणि चिक चॉकलेट म्हणून गाजला. पण 1949 च्या कायद्यानं दारूबंदी आली, नाचघरं थंडावली आणि या मंडळींना सिनेमाच्या स्टुडिओंचा मोठा आधार झाला. ‘अलबेला’ 1951 चा. संगीत सी. रामचंद्रांचं, साथीला चिक चॉकलेट. पडद्यावर भगवानदादा जे हात हलवतात, त्यामागे ताजचं नाचघर आहे. म्हणजे तात्यांनी ताजचं गाणं चार आण्यांत ऐकलेलं होतं. ते त्यांना कुणी सांगितलं नाही, एवढंच.

स्वतः तात्या गिरगावात गणेशोत्सवाच्या मंडपात, रस्त्यावर सतरंजी टाकून पहाटेपर्यंत ऐकणारे. पलुसकरांनी 1908 साली गांधर्व महाविद्यालय मुंबईत आणलं, 1925 साली बी. आर. देवधरांनी आपली शाळा काढली, पुढे तिथेच कुमार गंधर्व शिकले. या सगळ्या गाण्याला गालिचा कधीच लागला नाही. आम्ही त्या रात्री दादरच्या एका लहान सभागृहात बसलो. खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त. गाणारी मुलगी पंचविशीची, यमन घेतला होता. तीव्र मध्यमावर ती अशी थांबली की शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. नरिमन पॉइंटच्या टाटा थिएटरात मी एकदा गेलोय. 1980 चं, फिलिप जॉन्सन या अमेरिकनानं बांधलेलं, माइकशिवाय ऐकू यावं असं. ऐकू सुरेख येतं. पण तिथे कुणाच्या गुडघ्यावर थाप मारायचा धीर होत नाही.

परत येताना सौ. म्हणाली, ‘‘गाणं छान झालं. पण मी मागितलं होतं ते वेगळं.’’

आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला झोप लागली नाही. शेजारचे काकाही जागे होते, ते कळत होतं. चाळीस वर्षांत मी तिला तिकडे नेलं नाही, ते पैशांसाठी असं मी धरून चाललो होतो. खरं म्हणजे मला त्या दारातून आत जायची भीती वाटत होती, आणि तात्यांची गोष्ट त्या भीतीवर फार सोयीची पडत होती. त्यांनाही ती सोयीचीच पडली असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ताजमध्ये चहा प्यायलो. राहिलो नाही. पेन्शन ती पेन्शनच. दरवानानं मला नमस्कार केला तेव्हा मी गोंधळून त्याला ‘‘या, बसा’’ म्हणालो. 2008 च्या नोव्हेंबरात इथे काय झालं ते आठवून आम्ही दोघं जिन्यापाशी थोडा वेळ नुसते उभे राहिलो. वर सी लाउंजमध्ये खिडकीशी जागा मिळाली. सौ.नं नवीन इरकली नेसली होती. खुर्चीत ती अशी बसली, की जणू जन्मापासून तिथेच चहा घेत आलीय. बिलाचा आकडा मी इथे देत नाही, घरचे वाचतात.

खिडकीतून कठडा दिसत होता. त्यावर एक माणूस आणि एक पोरगा बसले होते. माणूस हॉटेलकडे बोट करून काहीतरी सांगत होता.

‘‘काय सांगत असेल हो?’’ तिनं विचारलं.

‘‘उलटं बांधलंय म्हणून.’’

‘‘मग जाऊन सांगा की खरं काय ते.’’

मी उठलो नाही. आणखी चहा हवा का, म्हणून वेटरनं अदबीनं विचारलं. मी नको म्हणणार तेवढ्यात ती हो म्हणाली.