व्यापारचिन्हाचे नूतनीकरण करावे की नवी नोंदणी?

व्यापारचिन्हाच्या नोंदणीची दहा वर्षांची मुदत संपत आली की अनेक लहान उत्पादक एक हिशेब मांडतात. नूतनीकरणाचे ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गामागे ९,००० रुपये आहे. तेच चिन्ह नव्याने नोंदवायचे म्हटले तर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ४,५०० रुपयेच भरावे लागतात. तेव्हा जुनी नोंदणी संपू द्यावी आणि निम्म्या पैशांत नवी घ्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी व्यवहारात महागात पडतो.

नूतनीकरणाने पुढची दहा वर्षे मिळतात, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुनी तारीख टिकते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. समजा, म्हापशातील एका लोणचे उत्पादकाने २०१६ मध्ये अर्ज केला आणि त्याच्याशी मिळतेजुळते नाव घेऊन दुसरा कोणी २०१९ मध्ये बाजारात उतरला. जुनी नोंदणी चालू असेपर्यंत हा दुसरा मागाहून आलेला ठरतो. पहिल्याने ती सोडून २०२६ मध्ये नवा अर्ज केला, तर नोंदवहीतील क्रमच उलटण्याचा धोका उद्भवतो. आधीपासूनच्या वापराचा हक्क कायदा मानतो, हे खरे; मात्र तो वापर बिले, वेष्टने आणि जाहिराती यांच्या पुराव्याने सिद्ध करावा लागतो. दहा वर्षांपूर्वीची बिले किती घरगुती उद्योगांनी जपून ठेवलेली असतात, हा प्रश्नच आहे.

शिवाय नव्या अर्जाला सर्व पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. आधी परीक्षण होते, हरकत निघाल्यास एका महिन्यात उत्तर द्यावे लागते, मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी आणि त्यानंतर चार महिने कोणालाही विरोध नोंदवण्याची मुभा. नूतनीकरणात यांपैकी काहीही नसते आणि ते कितीही वेळा करता येते. ब्रिटनमधील बास या बिअर उत्पादकांचा लाल त्रिकोण तेथील नोंदवहीत १८७६ पासून पहिल्या क्रमांकावर टिकून आहे, तो या सोयीमुळेच.

सर्वाधिक गोंधळ मुदतीच्या मोजणीत होतो. दहा वर्षे प्रमाणपत्राच्या तारखेपासून नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून मोजली जातात. १२ जून २०१६ रोजी अर्ज केला आणि प्रमाणपत्र २०१८ मध्ये हाती आले, तरी मुदत जून २०२६ मध्येच संपते. भिंतीवर चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्राकडे पाहून निर्धास्त राहणाऱ्यांनी त्यावरील अर्जाची तारीख एकदा वाचून घ्यावी. नूतनीकरणाचा टीएम-आर हा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत उलटल्यावर सहा महिन्यांपर्यंत ४,५०० रुपये अधिभार भरून काम होते. त्यापुढील सहा महिन्यांत नोंदणी पुनःस्थापित करण्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याचे ९,००० आणि नूतनीकरणाचे ९,००० असे १८,००० रुपये मोजूनही ती मान्य करणे न्याय्य आहे, अशी निबंधकांची खात्री पटावी लागते.

मुदत संपण्यापूर्वी मालकाला सूचना पाठवणे हे निबंधकांचे कर्तव्य आहे. अशी सूचना न देता चिन्ह नोंदवहीतून काढणे बेकायदा असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने सिप्ला प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही या दिलाशावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. जुन्या पत्त्यावर गेलेली सूचना हाती पडत नाही आणि न्यायालयाचा खर्च नूतनीकरणाच्या शुल्काहून कितीतरी अधिक असतो.

नवी नोंदणी खरोखर आवश्यक ठरते ती मुख्यतः दोन प्रसंगी. चिन्हाचे रूप पालटले असेल तर नूतनीकरणाच्या अर्जात नवे रूप घुसवता येत नाही. ओळख न बदलणारा किरकोळ फेरफार कलम ५९ खाली मागता येतो. मात्र नाव किंवा चित्र मुळातूनच बदलले असल्यास नवा अर्ज करावा लागतो. दुसरा प्रसंग धंदा वाढल्याचा. लोणचे आणि प्रक्रिया केलेले काजू २९ व्या वर्गात येतात, मसाले आणि बिबिंक ३० व्या, कोकमाचे सरबत ३२ व्या, फेणी ३३ व्या, तर उपाहारगृह ४३ व्या वर्गात. लोणच्याच्या नोंदणीने उपाहारगृहाचे नाव आपोआप सुरक्षित होत नाही. या दोन्ही प्रसंगी नवा अर्ज जुन्याच्या जोडीने करावा, त्याच्या जागी नव्हे. जुने रूप मात्र वापरातही असले पाहिजे. सलग पाच वर्षांहून अधिक काळ न वापरलेले चिन्ह रद्द करण्याची मागणी इतरांना करता येते.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आणि एखाद्या बाटलीवरील नाव या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथे नमूद करायला हवे. मानांकन उत्पादनाचे असते; बाटलीवरचे नाव उत्पादकाने स्वतंत्रपणे नोंदवायचे असते.

मूळ मालकाचे निधन झाले असेल, तर नव्या अर्जाचा मोह आणखी वाढतो. वडिलांच्या नावावरील नोंदणीच्या कागदपत्रांची खटपट नको म्हणून मुलगा स्वतःच्या नावे नवा अर्ज करतो. त्यावर पहिली हरकत वडिलांच्याच चिन्हाची निघण्याची शक्यता असते आणि इतर वारसांचा विरोध झाला तर घरातलेच भांडण जर्नलच्या पानांवर येते. त्याऐवजी आधी वारसाहक्क सिद्ध करावा. गोव्यात त्यासाठी उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाहीविषयीचा २०१२ चा कायदा लागू आहे. त्यानुसार मिळालेले दस्तऐवज जोडून टीएम-पी अर्जाद्वारे मालकाच्या नावातील बदल नोंदवून घ्यावा आणि मुदतीच्या आत नूतनीकरण करावे. गोव्यासाठीचे निबंधक कार्यालय मुंबईला अँटॉप हिल येथे आहे. अर्ज मात्र ऑनलाइन करता येतात आणि अर्ज क्रमांक टाकून आपल्या चिन्हाची सद्यस्थिती घरबसल्या तपासता येते.