बुश गेलाय, गिअर न्हवं : बेळगावचे मिस्त्री आणि अँबॅसिडर

बेळगावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींना हे सांगायला नको. चौकात अँबॅसिडर उभी, मागं हॉर्नचा गोंधळ, आणि ड्रायव्हर निवांत उतरून बॉनेट उघडतोय. आत हात घालून कायतरी हलवलं, फडक्याला हात पुसला, की निघाली गाडी. ती बंद पडलेली नसायची. गिअर अडकलेला असायचा.

या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. ही रीत अमेरिकेतून आली, १९४०च्या आसपास तिकडं तीच फॅशन होती. कारण साधं, पुढं अखंड बाक बसवता येतो आणि तीन माणसं मावतात. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डनं तोच गिअर ठेवला, आणि ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सनं १९५७ ला अँबॅसिडर काढली. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, तीपण अशीच. म्हणजे १९८३ च्या डिसेंबरात मारुती येईपर्यंत आपल्याकडं बहुतेक लोक गाडी शिकले ते याच गिअरवर. आणि पुढच्या बाकावर तीन नव्हे, चार बसायचे, हे वेगळं सांगायला नको!

आता अडकायचं का? जमिनीवरच्या गिअरचा दांडा बऱ्याच जुन्या गाड्यांत थेट गिअरबॉक्समधे उतरायचा. इथं हाताची हालचाल आधी स्टिअरिंगच्या बाजूनं खाली जायची, मग लिव्हर, मग सळया, मग बॉक्स. एक लिव्हर जोडी निवडणार, पहिला-दुसरा की तिसरा-चौथा, आणि दुसरी गिअर टाकणार. प्रत्येक सांध्यात एक बुश. एकेक बुश केसभर झिजला तरी सगळ्यांची मिळून ढील एवढी व्हायची की तुम्ही दुसरा टाकला असं समजायचा आणि आत निवड अर्धीच झालेली. मग ना पुढं ना मागं. बॉनेट उघडून लिव्हर हातानं न्यूट्रलला आणली की सुटायचं, पण तो इलाज पुढच्या चौकापुरता.

खरा इलाज मिस्त्रीकडं. गिऱ्हाईक घाबरून "गिअरबॉक्स गेला काय हो?" म्हणालं की ठरलेलं उत्तर, "गिअर अडकूलाय म्हंजे गिअरबॉक्स गेला न्हवं. बुश गेलाय." मला वाटतं, त्या पिढीची सगळी हुशारी या एका वाक्यात होती. महागाचा भाग उघडायच्या आधी स्वस्तातला सांधा बघायचा. आणि इथं बेळगावचं नशीब चांगलं. फौंड्र्या गावातच, उद्यमबागेत लेथ मशीन. कंपनीचा बुश यायची वाट कोण बघणार? जुना बुश मापाला न्यायचा, गनमेटलचा तासून घ्यायचा, ग्रीस भरून बसवायचा. पुष्कळदा तो मूळच्यापेक्षा जास्त चालायचा.

क्लचचं दुखणं वेगळं, पण सोंग गिअरचंच घ्यायचं. पहिला टाकताना कर्रर्र आवाज आला की लोक गिअरबॉक्सला शिव्या घालायचे. मिस्त्री काय करायचा, इंजिन बंद करून गिअर टाकून बघायचा. बंद असताना लोण्यासारखा पडतो आणि चालू असताना ओरडतो, तर क्लच पुरता सुटत नाही. पेडलची ढील बघा, दांडी आवळा, झालं. (पहिल्याला सिंक्रो नव्हता, त्यामुळं चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावाच लागे, तो दोष न्हवं.) उलटी तऱ्हा म्हणजे क्लच घसरणं. आंबोलीच्या चढाला इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. मग हँडब्रेक ओढून, चौथ्यात टाकून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन गचकन बंद पडलं तर क्लच ठीक, फिरत राहिलं तर प्लेट संपली. हे बघायला कुठलं मीटर लागत नव्हतं.

पेडलवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याला मिस्त्री लांबून ओळखायचे. अँबॅसिडरच्या क्लचला दाबणारं बेअरिंग गोळ्यांचं नव्हतं, कार्बनची रिंग होती. सतत पाय ठेवला की पेन्सिलीसारखी झिजायची. प्लेट काढायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागे, दिवस मोडायचा. जुन्या प्लेटवर नवं लायनिंग रिव्हेट मारून चढवायचे, आणि प्लेट मधोमध बसवायला जुन्या गिअरबॉक्सचा मोडका शाफ्ट वापरायचे. तो शाफ्ट मिस्त्री कुणाला उसना देत नसत!

गॅरेजची भाषा म्हणाल तर तिला एक नाव देता येणार नाही. हाताखालच्या पोराला कानडीत "स्वल्प तडी", गिऱ्हाइकाला मराठी, आपसात दखनी, आणि सामानाची नावं सगळी इंग्रजी. भाषेवरून गावात काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण गाडीखाली झोपलेल्या माणसाला पाना कुठल्या भाषेत मागितला याचं सोयरसुतक नव्हतं.

१९९२ मधे इसुझू इंजिनाची अँबॅसिडर आली, तिचा गिअर खाली जमिनीवर, पाच गिअरचा. २०१४ च्या मे महिन्यात कारखानाच थांबला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. आता जुनी गाडी हौसेनं घेणारे पहिलं काम करतात ते स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली दांडा बसवायचं. "ते जुनं सिस्टिमच बेकार" म्हणतात. ज्यांच्याकडं अजून मूळचा गिअर शाबूत आहे, त्यांनी तो काढण्याआधी एक करा. गाडी उभी करून दुसऱ्याला गिअर हलवायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली बघा, कुठला सांधा नुसताच डुगडुगतोय ते. तेवढा एक काढा आणि उद्यमबागेत घेऊन जा.