निवडुंग, गुलाब आणि पंचायत

साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, पेठेतील एखाद्या जुन्या बागेचे नूतनीकरण ठरले की पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. मातीवर फरशी येते, झाडांच्या बुंध्यांना सिमेंटचे कठडे बसतात, फायबरचे प्राणी उभे राहतात आणि कोनशिलेवर नावे कोरली जातात. रोज तिथे फेरफटका मारणाऱ्या वृद्धांना, दुपारी सावलीला टेकणाऱ्या बायकांना कुणी काही विचारलेले नसते. चित्रकाराला बोलावलेच, तर ते आराखडा मंजूर झाल्यावर, भिंत रंगवण्यापुरते. कलावंत आणि रहिवासी यांनी मिळून बाग नव्याने घडवावी ही कल्पना आपल्याला परकी वाटते. वास्तविक तिचे दोन्ही धागे मुख्यतः याच दोन जिल्ह्यांत विखुरलेल्या औंध संस्थानच्या इतिहासात आहेत.

पहिला धागा कलावंताच्या नजरेचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकत होते. रंगांधळेपणामुळे त्यांना ती सोडावी लागली आणि ते यंत्ररेखनाकडे वळले. बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ देऊ केला. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. शंतनुरावांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राचे नाव ‘कॅक्टस अँड रोझेस’ ठेवले, त्यात निवडुंगापासून गुलाबापर्यंतचा हा प्रवास सामावला आहे. परंतु जमीन, घरे आणि कारखाना एकाच मालकीचे असल्यामुळे वसाहतीच्या रूपाबाबतचा शेवटचा शब्दही मालकाचाच राहिला.

दुसरा धागा लोकांच्या अधिकाराचा. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. औंधच्या टेकडीवरील श्री भवानी संग्रहालय त्यांनी १९३८ मध्ये उभारले. राजा रविवर्म्यांची चित्रे आणि हेन्री मूर यांचे शिल्प आज तिथे पाहावयास मिळते. हा संग्रह एका रसिक राजाच्या आवडीचा आहे. मात्र त्याच वर्षी याच राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. गांधीजींच्या सल्ल्याने घडलेली राज्यघटना १९३९ मध्ये अमलात आली आणि गावचा कारभार गावाने निवडलेल्या पंचायतीकडे गेला. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिथे भिंतींऐवजी विश्वास होता आणि कसायला जमीन होती. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे तीच प्रेरणा होती. जबाबदारी सोपवली की माणूस जमीन जपतो, हे तिथे दिसून आले.

म्हणजे किर्लोस्करवाडीत नजर होती, पण रहिवाशांना अधिकार नव्हता. औंधच्या घटनेने अधिकार दिला, पण १९४८ च्या विलीनीकरणाने तो प्रयोग कोवळेपणीच संपला. हे दोन धागे एकत्र विणण्याचे काम राहूनच गेले.

आजचा कायदाही त्यात अपुरा पडतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण तीन लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपुरत्याच. १९९८ साली स्थापन झालेली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका त्या मर्यादेत येते. सातारा नगरपालिका येत नाही. साताऱ्याच्या पेठेतील माणसाला आपल्या बागेविषयी बोलायला घटनेने दिलेली हक्काची बैठक नाही. सांगलीकराला ती असली, तरी प्रभाग समिती हे प्रामुख्याने नगरसेवकांचेच व्यासपीठ असते.

कायद्याची वाट न पाहताही एक गोष्ट करता येईल. आराखडा ठरण्यापूर्वी चित्रकाराने महिनाभर त्या बागेत बसावे. कोण कुठल्या वेळी येते, कुठली सावली कुणाची आहे, मुले कुठून उडी मारून आत शिरतात, हे कागदावर उतरवावे. तो कागद बागेच्या फाटकावर लावावा आणि पेठेने त्यावर खाडाखोड करावी. लक्ष्मणरावांना निवडुंगात गुलाब दिसले ती दृष्टी थोर होती. पण पेठेला तिथे गुलाब हवेत की लपंडावापुरती मोकळी माती, हे पेठेनेच सांगायचे असते.