खाली म्हणजे मागे

सकाळचे आठ वाजलेत. जंगली महाराज रस्त्यावर हॉर्नचा कालवा सुरू झालाय. तुम्ही पाताळेश्वराच्या आवारात शिरता, चपला काढता आणि दगडी पायऱ्या उतरता. चार पायऱ्यांतच रस्ता डोक्याच्या वर जातो आणि आवाज विरळ होतो. आजच्या सहलीचा एकच नियम आहे, तो इथेच समजून घ्या: खाली म्हणजे मागे. जेवढे उतराल, तेवढा काळ मागे सरकेल. म्हणूनच सुरुवात पाताळापासून.

खांबाला तळहात लावा. गार आहे ना? आता डोळे मिटा.

उघडता तेव्हा अंगणात दगडाच्या कपच्यांचा खच पडलेला आहे. आठवे शतक चालू आहे, राष्ट्रकूटांचा अंमल आहे. पाथरवट छिन्नी लावतो, घाव घालतो, फुंकर मारतो, पुन्हा छिन्नी लावतो. इथे कोणी काही बांधत नाही. नको तेवढा कातळ काढून टाकतात आणि उरते ते देऊळ. समोर नंदीचा गोल मंडप आहे, तोही त्याच कातळातला. छत खांबांवर ठेवलेले नाही, खांब छतापासून खाली सुटत आले आहेत. आतल्या भिंतींवर मूर्तींच्या नुसत्या खुणा दिसतात. त्या तशाच राहणार आहेत. हे काम कधीच पुरे व्हायचे नाही.

वर येऊन नदीकडे पाहा. मुठेपलीकडे थोडी घरे आणि धुराच्या दोनचार रेघा, एवढेच पुणे. इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या मुलखाचे नाव कोरले जाते, पण पेठा नाहीत, वाडे नाहीत. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ मधली, तिला साडेनऊशेहून अधिक वर्षे अवकाश आहे. आणि ज्याला आपण आज शिवाजीनगर म्हणतो ते भांबुर्डे, नदीअलीकडचे वेगळे गाव. हे नाव लक्षात असू द्या. दुपारी त्याच्या जावळ्या भावाशी गाठ पडेल.

चला, गाडीत बसा. पौड रस्ता पौडला जातो, हे पुणेकर विसरले असले तरी रस्ता विसरलेला नाही. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट. दोन्ही बाजूंना प्लॉटच्या पाट्या. उजवीकडे टेकड्यांमागे हिंजवडीच्या काचेच्या इमारती, त्याही मुळशी तालुक्यातच. जमीन विकून पैसा आला आणि पैशामागून काय आले, ते प्रवीण तरडे यांनी २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’मध्ये दाखवले. पण मुळशीच्या जमिनीची गोष्ट त्याच्याही शंभर वर्षे आधी सुरू होते.

पौड मागे पडते, डोंगर जवळ येतात आणि एका वळणावर पाणी दिसते. थांबा. उन्हाळा आहे, पाणी उतरलेले आहे. काठावर तांबड्या मातीच्या पायऱ्या उघड्या पडल्या आहेत. पाणी आठवडाभर जिथे रेंगाळले तिथे एकेक पायरी. त्या पायऱ्यांवरून खाली चालू लागा. पाण्याच्या कडेशी थांबू नका.

१६ एप्रिल १९२१. रामनवमी. पाणी नाही. समोर लांबवर भातखाचरे पसरली आहेत, बांधाला बांध लागून. पलीकडे नीला आणि मुळा या नद्यांचा संगम आहे आणि मुळशी गाव आहे. हवेत शेणाचा, जळक्या पाल्याचा वास आहे. एक म्हातारी राब भाजते आहे. तुम्ही शहरातले, राब म्हणजे काय ते जवळून पाहून घ्या. वाफ्यावर आधी गोवऱ्या, त्यावर ऐनाचे टहाळ, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन कडेने विस्तव लावायचा. भडका उडू द्यायचा नाही, धुमसत ठेवायचे. आच खाली जाते, तणाचे बी मरते, राखेचे खत होते. मृगाचा पाऊस आला की याच राखेत भाताचे बी पडेल.

बाई काठीने मातीचा थर सारखा करते. तिच्या घराच्या बरीच वर, उतारावरच्या एका धोंड्यावर चुन्याचा पांढरा पट्टा ओढलेला आहे. मोजणीवाले ओढून गेले.

“पाव्हणं, तुम्ही पुन्याचं ना?” ती विचारते. “मग सांगा की. पानी कुठवर येनार?”

तुम्हाला उत्तर माहीत आहे, पण तुम्ही पट्ट्याकडे बघत नाही.

टाटांच्या वीज कंपनीला इथे मुळा अडवायची आहे. पाणी अडले की ते डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला न्यायचे, कोकणात भिऱ्याला सुमारे ५०० मीटर खाली सोडायचे आणि त्या धबधब्यावर वीज करायची. वीज जाणार मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला. पन्नासहून अधिक गावे बुडणार. नुकसानभरपाई आहे, पण ती ज्याच्या नावावर जमीन त्याला. आणि मावळातली बरीचशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली. सावकाराला रक्कम पुरेशी वाटते. कुळाला जमीनच हवी असते, कारण त्याच्याकडे दुसरे काहीच नाही.

दुपार होते. रामजन्माची वेळ. बाई काठी टेकवते आणि चालू लागते, तुम्ही मागोमाग. धरणाच्या कामावर बाराशे मावळे जमले आहेत. पागोटी, खांद्यावर घोंगड्या, अनवाणी पाय. दगड तापलेत आणि माणसे त्याच दगडांवर बसून राहिली आहेत. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा डोंगरावर आपटून परत येते. काम थांबते. काही काळच थांबते, पण थांबते. या लढ्याचे एक पुढारी पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. ते एडिंबरोला शिकले, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवून आले. या लढ्याने ते ‘सेनापती’ होतील आणि शेवटी सात वर्षांची शिक्षा भोगतील. लढा १९२४ पर्यंत चालेल आणि हरेल. राजेंद्र व्होरा पुढे आपल्या पुस्तकात याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हणतील. १९२७ मध्ये धरण पुरे होईल आणि मुळेचे पाणी उलटे फिरेल. जे पाणी पुण्यावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जायचे, ते आता कुंडलिकेतून अरबी समुद्रात जाते.

वर या. पायांना राख लागली असेल, झटका.

रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो. निव्याजवळ ताम्हिणीचा रस्ता डावीकडे सोडा, उजवीकडे वळा. पुढे भांबर्डे लागते, सकाळच्या भांबुर्ड्याचा भाऊ. मग झाडीच्या वर तैलबैलाच्या दोन भिंती उभ्या राहतात. एखाद्या राक्षसाने बांधायला घेऊन सोडून दिलेल्या वाड्यासारख्या. मधल्या खिंडीत देव आहे आणि पाण्याचे टाके आहे. गाडी गावात लावा. इथून पायी. समोर सह्याद्रीची धार संपते आणि खाली धुक्यात कोकण सुरू होते. वाघजाईची वाट धरा.

उतरताना एक हात कड्यावर राहू द्या. चढणीला छाती लागते, उतरणीला गुडघे. बोलणे कमी करा. अर्ध्या वाटेवर ठाणाळ्याची लेणी लागतात, एकूण तेवीस. इथे पुन्हा तोच घावांचा आवाज, पण पाताळेश्वराहून सात-आठशे वर्षे जुना. भिक्खू कातळात खोल्या कोरताहेत. बांधकाम लाकडाचेच करायची सवय, म्हणून दगडातही वासे, तुळया, कमानी काढल्या जातात. त्यांचा भार कशावरच नाही. वाटेवरून ओझेवाले वर येताहेत. खाली चौलचे बंदर आहे, ज्याला ग्रीक खलाशी सेमिल्ला म्हणतात; वर घाटमाथ्यापलीकडे तेर आहे, पैठण आहे. बंदर आणि ही शहरे यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत आहे, आणि भिंतीत अशा वाटांच्या फटी.

एक ओझेवाला डोक्यावरचा भार उतरवतो, तुमच्याकडे पाहून काहीतरी विचारतो. प्राकृत. शब्द कळत नाहीत, आणि मग एक कळतो. पानिय. तो तहानेला आहे. भिक्खू लेण्याशेजारच्या टाक्याकडे बोट दाखवतो. त्या काळच्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हणतात. तो शब्द आपण टाकला. पानिय मात्र राहिले. सकाळची म्हातारी तेच म्हणत होती.

आता अजून खाली. इथून पुढे माणूस नाही.

कडा नीट पाहा. कठीण काळा कातळ, त्याखाली हातभर तांबडा गेरू, त्याखाली भोकाभोकांचा, पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला थर, विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो. आणि त्याखाली पुन्हा काळा कातळ. ही रांग वरपासून खालपर्यंत आहे. प्रत्येक काळा पट्टा म्हणजे लाव्ह्याचा एक लोंढा, आणि प्रत्येक तांबडा पट्टा म्हणजे मधली उसंत. त्या उसंतीत खडक कुजला, माती झाली, तिच्यावर काही उगवले. मग वरून पुढचा लोंढा आला आणि माती भाजून निघाली. वरचा थर नवा, खालचा जुना. म्हणजे घाट उतरणे हे मागे जाणेच असते, ते आपण चालताना सहसा मोजत नाही.

डोळे मिटा. सहा कोटी साठ लाख वर्षे.

पायाखालची जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास, आणि उत्तरेकडे सरकते आहे. शिखरातून आग ओकणारा ज्वालामुखी शोधू नका, तो चित्रातला. इथे जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आहेत आणि त्यांतून अकराशे अंशांपेक्षा तापलेला रस उतू गेलेल्या दुधासारखा पसरतो. वर काळी साय धरते, तिच्याखालून रस पुढे सरकत राहतो. गंधकाने घसा जळतो. असे थरावर थर पडून घाटाच्या भागात दोन किलोमीटरच्या वर जाडी होईल. एवढ्या दगडातला बराचसा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोत, उल्का आदळते आणि डायनोसॉर संपतात.

पण दोन लोंढ्यांमधल्या उसंतीत या. हाच गेरूचा पट्टा, अजून भाजला न गेलेला. डबके आहे, काठाला हिरवे आहे, आणि बेडूक ओरडतो आहे. त्याचे भाऊबंद मुंबईत वरळीच्या थरांत दगड होऊन सापडले आहेत. पुढचा लोंढा कधी येणार, कुठवर येणार, हे त्याला कोण सांगणार?

परत चढा. दम लागेल; गेलेला काळ वर चढूनच भरून काढावा लागतो.

संध्याकाळी पुन्हा तलावाच्या काठी. गाडी एका रिसॉर्टसमोर थांबते. हिरवळ कापलेली, दिवे लागलेले. हिरवळीच्या कडेला एक मोठा धोंडा ठेवणीतला म्हणून राखला आहे, त्याला पांढरा रंग दिला आहे. त्याच्या पायथ्याशी पावसाळ्यातल्या पाण्याची पुसट रेघ आहे. त्याखाली तांबड्या पायऱ्या, आणि त्यांच्याखाली सपाट, शांत पाणी. मुळशीच्या थरांतला हा पाण्याचा थर सगळ्यात नवा, आणि नियमाप्रमाणे सगळ्यात वर.

काउंटरवरचा मुलगा इथल्याच कुठल्या तरी गावचा असावा. बोलण्यातला हेल लपत नाही. तुमची नजर पाण्यावरच आहे. राब भाजला जात होता ती जागा तुम्ही अंदाजाने शोधता. तोंडातून निघून जाते, “खोली किती?”

“लेक व्ह्यूची ना सर?” तो रजिस्टर उघडतो आणि भाडे सांगतो.